पोपच्या बुलाची हुबेहूब प्रतिकृती: कागद, मोहोर आणि रेशीम यांचं काय करावं?

दप्तरखाना

नमस्कार मंडळी. गोव्याच्या चर्च-इतिहासावरच्या एका प्रदर्शनासाठी पोप तिसरा पॉल याच्या ३ नोव्हेंबर १५३४च्या बुलाची (शिशाची मोहोर लावलेल्या अधिकृत पत्राची) मूळ आकारातली प्रतिकृती करायची आहे. केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंतचा मुलूख ज्या गोवा धर्मप्रांतात घातला गेला, तो या बुलाने उभा राहिला. प्रदर्शन तीन महिने चालेल. काचपेटीत बुला ठेवायची आणि शिशाची मोहोर खाली लोंबती दिसायला हवी.

चित्रं अजून मागवलेली नाहीत. दप्तराकडून नेमकी कोणकोणती चित्रं मागायची? छपाई कागदावर करावी की खऱ्या कातड्यावर? ढोलकी-तबल्यासाठी कमावलेलं बकऱ्याचं कातडं आपल्याकडे सहज मिळतं, ते चालेल का? मोहोर खऱ्या शिशात ओतावी का? आणि दोरी तागाची लावायची की रेशमाची?

मोडीवाचक

सगळ्यात आधी तुम्ही कशाची प्रतिकृती करताय ते ठरवा. एका बुलाची दोन रूपं असू शकतात. रोमहून ज्याला पाठवली त्याच्या हाती पडलेलं मोहोरबंद चर्मपत्र हे एक. पोपच्या कचेरीने आपल्या नोंदवहीत उतरवून ठेवलेली नक्कल हे दुसरं. पोर्तुगालच्या राजाकडे आलेल्या बुला लिस्बनच्या तोर्रे दो तोंबू दप्तरात आहेत, नोंदवह्या व्हॅटिकनच्या अभिलेखागारात. नोंदवहीच्या पानाला ना मोहोर असते, ना दोरी, ना खालची दुमड (दोरी ओवण्यासाठी वर दुमडलेली खालची कड), आणि अक्षरही घाईचं. तरीही नोंदवहीच्या पानाचा फोटो छापून त्याखाली मोहोर लटकवलेल्या ‘प्रतिकृती’ सर्रास दिसतात. तशी वस्तू जगात कधीच नव्हती. नोंदवहीचंच चित्र मिळालं तर नोंदवहीचं पान म्हणून ते दाखवा, त्यात कमीपणा काही नाही. सातव्या ग्रेगरीचा १०७५चा प्रसिद्ध ‘दिक्तातुस पापाए’ (पोपच्या अधिकारांची यादी) आपल्याला नोंदवहीतूनच माहीत आहे.

मूळ बुलाचीच चित्रं मागवायची तर किमान पाच मागा. पहिलं, पुढची पूर्ण बाजू. दुसरं, खालची दुमड वर उचलून तिच्याखालचा भाग. तिसरं, पूर्ण पाठ. मग मोहोरेच्या दोन्ही बाजू. बहुतेक ठिकाणी पुढच्या बाजूचं एकच चित्र हाती ठेवतात आणि नेमकी कामाची माहिती निसटते. दुमडीवर उजवीकडे लेखनिकाचं नाव असतं. दुमडीखाली शुल्काच्या आणि तपासणीच्या खुणा असतात. पाठीवर मोठं ‘आर’ अक्षर दिसलं तर बुला नोंदवहीत चढली असं समजायचं. पाठीवर वरच्या बाजूला काम करून घेणाऱ्या वकिलाचं नाव सापडतं. ही बुला किती हातांतून गेली ते या खुणांवरूनच कळतं, म्हणून प्रतिकृतीत त्या आल्याच पाहिजेत.

दोरीबद्दल: कायम हक्क किंवा कृपा देणाऱ्या पत्रांना लाल-पिवळं रेशीम, हुकूम-चौकशीच्या पत्रांना हेम्पचा (भांगेच्या तंतूंचा) दोरा. धर्मप्रांत स्थापन करणारी बुला पहिल्या वर्गातली, म्हणजे रेशीम. पहिली ओळही याला दुजोरा देते. रेशमाच्या पत्रात पोपचं नाव लांबट, ताणलेल्या अक्षरांत असतं आणि आद्याक्षर नक्षीदार असतं. हेम्पच्या पत्रात फक्त आद्याक्षर मोठं. तुमच्या चित्रात जे दिसेल ते प्रमाण मानून दोरी निवडा.

माहितीफलकासाठी तारखेचंही सांगतो. गोव्याच्या धर्मप्रांताला मंजुरी सातव्या क्लेमेंटने ३१ जानेवारी १५३३ रोजीच दिली होती. पत्र निघण्याआधी २५ सप्टेंबर १५३४ला तो वारला. आधीच्या पोपची कृपा त्याच्या मृत्यूमुळे कागदाविना वाया जाऊ नये म्हणून नवा पोप अशी पत्रं काढी आणि त्यांवर आपल्या राज्याभिषेकाची तारीख घाली. तिसऱ्या पॉलचा राज्याभिषेक ३ नोव्हेंबर १५३४चा. म्हणून काही पुस्तकांत १५३३ आणि काहींत १५३४ दिसतं. फलकावर दोन्ही तारखा द्या, नाहीतर कुणीतरी चूक काढेलच.

पुढे गोव्याचा महाधर्मप्रांत झाला त्या बुलाबाबतही असाच घोळ होतो. बुलांवरचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे ४ फेब्रुवारी १५५७ असं लिहिलेली तारीख आपल्या हिशोबाने १५५८ची असते.

छापखाना

चित्रांच्या दर्जाचं मी सांगतो. मूळ आकारात ४०० पीपीआय (दर इंचाला ४०० पिक्सेल) हे किमान. बुला समजा ६० बाय ४० सेंटिमीटर असेल तर साधारण ९४५० बाय ६३०० पिक्सेल लागतात. यापेक्षा कमी असलं की अक्षरांच्या केसासारख्या बारीक रेघा तुटतात. फाइल टिफ, १६ बिट, अॅडोबी आरजीबी. चौकटीत रंगपट्टी आणि मोजपट्टी हवीच, तसं पत्रात स्पष्ट लिहा. मोजपट्टी नसली तर मूळ आकार हा निव्वळ अंदाज ठरतो. सपाट स्कॅनरवर केलेली प्रत घेऊ नका. मोहोर आणि दुमड यांमुळे चर्मपत्र काचेवर नीट बसत नाही आणि त्यावर दाब पडतो. चांगली दप्तरं स्वतःच वरून कॅमेऱ्याने फोटो काढतात.

छापताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहणं. ९७ टक्क्यांवर छापलं तर ६०० मिलिमीटरचे ५८२ होतात. नजरेला कळत नाही, पण मोहोर मूळ मापाची आणि पत्र आखूड अशी जोडी तयार होते. छापल्यावर कागदावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीला लावून पाहा, मगच कापा.

कागद: शंभर टक्के कॉटन रॅग, आम्लविरहित, अगदी मऊ पोताचा, १२० ते १६० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). कलाकृती छापण्याचा ३१० जीएसएमचा कागद दिसायला भारदस्त, पण दुमडीला तडकतो आणि चर्मपत्रासारखा लवत नाही. बाजारात ‘पार्चमेंट’ म्हणून मिळणारे ढगाळ छटांचे कागद टाळा. कातड्याचा पोत तुमच्या फोटोतून छापला जाणारच आहे. कागदाचा स्वतःचा खोटा पोत त्याच्याखाली आला की दोन पोत एकमेकांवर चढतात आणि सगळं मळकट दिसतं. तशा अर्धपारदर्शक कागदाला इंकजेटची ओल लागली की तो लाटांसारखा उठतो, ते वेगळंच.

शाई पिगमेंटची, डाय नको. रंग जुळवताना पाच हजार केल्व्हिनचा दिवा वापरा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग काचपेटीत हिरवट निघतो.

आणि कृपा करून चहाचं पाणी फासू नका, कडा जाळू नका. इटालियन चर्मपत्राच्या मांसाकडच्या बाजूवर खडूचा थर देत आणि त्या पांढऱ्या बाजूवर लिहीत. सोळाव्या शतकातल्या कित्येक बुला आजही हस्तिदंती पांढऱ्या आहेत. पिवळट, करडी, केसांच्या मुळांचे ठिपके असलेली बाजू पाठीला जाते. म्हणजे प्रतिकृतीच्या दोन बाजूंचा रंग वेगळा यायला हवा. एका बाजूच्या पार्श्वभूमीवर पाठीचा मजकूर चिकटवून छापला तर जाणकाराच्या लगेच लक्षात येतं.

दुमडीसाठी छापलेल्या कागदाची लांबी दुमडीइतकी जास्त ठेवा. त्या पट्टीची पुढची बाजू म्हणजे दुमडीखालचा झाकलेला भाग, आणि पाठीवर छापायचा तो दुमडीचा वर दिसणारा भाग. फाइल लावताना इथे हमखास गोंधळ होतो. साध्या कागदावर छोट्या आकारात एक प्रत काढून, दुमडून पाहा. दुमडण्याआधी हाडी पट्टीने रेघ दाबून घ्या म्हणजे शाई तडकत नाही.

छिद्रांचंही असंच. चर्मपत्र रोमहून येताना घड्या घालून येई आणि घड्या छेदतात तिथे भोकं पडत. फोटोत त्या भोकांतून मागचा काळा-करडा पडदा दिसतो. तो डाग म्हणून छापायचा नसतो. धारदार पात्याने भोक खरंच कापायचं. कडाही मूळच्या वेड्यावाकड्या रेषेवरूनच कापा.

दप्तरखाना

फार उपयोगी. दोरी रेशमाचीच घेतो. कातड्याचा प्रश्न मात्र राहिला, आणि मोहोरेचा.

छापखाना

ढोलकीचं पान या कामाचं नाही. लिहिण्याचं चर्मपत्र चुन्यात भिजवून, चौकटीवर ताणून, चंद्रकोरी सुरीने खरवडत खरवडत ०.२ मिलिमीटरच्या आसपास आणतात, मग प्युमिस आणि खडूने घासून त्यातला तेलकटपणा काढतात. वाद्याचं कातडं मुद्दाम जाड आणि चिवट ठेवलेलं असतं, तेल आतच राहतं. त्यावर शाई फुटते किंवा बसतच नाही. खरं चर्मपत्र आणलं तरी इंकजेट धरत नाही. यूव्ही फ्लॅटबेड छपाईयंत्रावर छापता येतं, पण शाईचा उंचावलेला चकचकीत थर दिसतो, आणि पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत कातडं आक्रसून वाकडं होतं ते निराळंच. तीन महिन्यांच्या प्रदर्शनाला कॉटन कागदच योग्य.

ओतारी

मोहोरेबद्दल. खरं शिसं नको. विषारी आहे हे एक कारण, काचपेटीबद्दलचं दुसरं कारण कुणीतरी सांगेलच. शिसं-विरहित कथिलाचा मिश्रधातू घ्या: साधारण ९२ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं. तो २४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, शिसं ३२७ला.

वजनाचा हिशोब बघा. ३८ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची चकती म्हणजे साडेपाच-पावणेसहा घनसेंटिमीटर. शिशात ती ६४ ग्रॅम होते, कथिलात ४१, साध्या रेझिनमध्ये सहा-सात. रेझिनची मोहोर लोंबत नाही, पंख्याच्या वाऱ्याने फिरते. रेशमाला ताण बसत नाही आणि दुमड खाली ओढली जात नाही. रंग कितीही हुबेहूब असला तरी खोटेपणा तिथे उघडा पडतो. कथिलात मूळ वजनाच्या दोन-तृतीयांश मिळतं, तेवढं नजरेला पुरतं.

आकार कुठून आणायचा? एका फोटोवरून संगणकाने उठाव काढायचा मोह टाळा. तो प्रकाशाला उंची समजतो आणि सावलीला खड्डा, मग संत पीटरच्या गालाला भोक पडतं. दप्तर परवानगी देत असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर फोटो घेऊन फोटोग्रॅमेट्री (अनेक फोटोंवरून त्रिमितीय आकार काढणं) करा. नसेल तर तिसऱ्या पॉलच्या दुसऱ्या एखाद्या बुलाच्या मोहोरेचं त्रिमितीय रूप वापरा आणि फलकावर तसं लिहा. साचा तोच असू शकतो, ठसा मात्र दरवेळी वेगळा उठतो. पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शिक्क्यांच्या साच्यांचा मोठा संग्रह आहे, तिथेही विचारून पाहा.

एका बाजूला पॉल आणि पीटर यांची तोंडं. बघणाऱ्याच्या डावीकडे लांब टोकदार दाढीचा पॉल, उजवीकडे आखूड कुरळ्या दाढीचा पीटर, भोवती ठिपक्यांची कड. दुसऱ्या बाजूला पोपचं नाव आणि क्रमांक. ठिपके मोजून खोट्या मोहोरा ओळखत, म्हणून ते अंदाजाने भरू नका. ठसा एका बाजूला सरकलेला असेल, कडेचे ठिपके कापले गेले असतील, तर तसेच ठेवा. मूळची मोहोर हाताने ठोकलेली असते, ती नाण्यासारखी गोल गरगरीत करून ठेवली की बिघडली.

आता दोरीची अडचण. मूळ पद्धतीत आरपार नळी असलेली शिशाची चकती घेऊन तिच्यातून रेशीम ओवत आणि दोन ठशांमध्ये दाबत. दाबाने नळी मिटे आणि रेशीम आत आवळलं जाई. तुम्ही रेशीम ठेवून वितळलेला धातू ओतलात तर ते जळून कोळसा होईल. म्हणून मोहोर दोन अर्धुकांत ओता, प्रत्येक अडीच मिलिमीटर जाडीचं, आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत ३ मिलिमीटर रुंदीची खाच ठेवून. रेशीम खाचेत बसवा, दोन घटकांचं इपॉक्सी लावा, शिकंज्यात चोवीस तास दाबून ठेवा. सांधा कानशीने घासून वरून हातोडीने हलके ठोके द्या, रेघ दिसेनाशी होते. रेशीम वरून आत शिरून खालून बाहेर पडलं पाहिजे. नुसतं वर कडी लावून अडकवलेली मोहोर म्हणजे लॉकेट.

ओतताना: थ्रीडी प्रिंट ०.०५ मिलिमीटर थराचा किंवा त्याहून बारीक, नाहीतर दाढीत पायऱ्या दिसतात. त्यावरून उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा साचा. वापरण्यापूर्वी तो पूर्ण कोरडा करा, ओल राहिली तर वाफ धातू उडवते. गॉगल आणि कातडी हातमोजे घालूनच काम करा. साच्यात टाल्कम पावडर भुरभुरवून झटकून टाका म्हणजे धातू बारीक अक्षरांत शिरतो. २६० ते २८० अंशांना ओता. त्याहून थंड असेल तर अक्षरांच्या कडा गोलसर येतात, फार तापलेला असेल तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि साचा लवकर फाटतो. पहिला नग कॅलिपरने मोजा आणि जितका आकसला असेल तितकी फाइल मोठी करून पुन्हा छापा.

कथील शिशापेक्षा उजळ असतं. काळा अॅक्रिलिक रंग पातळ करून फासा, उंच भागावरून कापडाने पुसा, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात द्या.

रेशीम पीळ न घातलेलं, डिंक काढलेलं. येवल्यात पैठणीसाठी रंगवलेलं तुती रेशीम मिळतं, ते उत्तम. व्हिस्कोसचं ‘आर्ट सिल्क’ काचेसारखं चमकतं. मूळ रेशमाचा लाल बराच उतरलेला असतो, पण दुमडीखाली झाकलेल्या टोकाला मूळ रंग टिकलेला सापडतो. चित्रात तोही बघा.

मोडीवाचक

ओतारींना एक पुरवणी. दुमडीतली भोकं किती आणि कुठे, हेही चित्रावरूनच घ्या, आणि रेशीम कुठून आत जाऊन कुठून बाहेर येतं ते दुमड उचलून घेतलेल्या चित्रावरून. तिसऱ्या इनोसंटने ११९८ मध्ये बनावट पत्रांचे नऊ प्रकार नोंदवले, त्यांतले बरेचसे याच जागेचे आहेत: खऱ्या मोहोरेतली दोरी काढून दुसरी ओवणं, दुमडीखाली दोरी कापून खऱ्या मोहोरेसकट खोट्या पत्राला जोडणं, शिशाच्या वरच्या कडेला दोरी तोडून पुन्हा आत बसवणं. त्या काळचे तपासनीस आधी तिथेच बघत, आजही जाणकार तिथेच बघतात.

काचपेटी

शिशाचं दुसरं कारण: एमडीएफ, प्लायवूड आणि कच्चं लाकूड यांतून अॅसेटिक आम्लाची वाफ सुटते. बंद पेटीत ती शिशावर पांढरी भुकटी चढवते आणि मोहोर हळूहळू खाऊन टाकते. कथिलाला हा धोका फार कमी. पण पुढे कधी त्याच पेटीत खऱ्या शिशाची वस्तू ठेवायची असेल तर पेटी पावडर-कोटेड लोखंड आणि काच यांचीच करा.

मांडणी उभी नको. १५ ते २० अंशांचा उतार द्या आणि मोहोरेखाली पारदर्शक अॅक्रिलिकचा बारीक कट्टा ठेवा. नजरेला मोहोर लोंबती वाटते, वजन मात्र कट्ट्यावर येतं. कट्टा नसला तर ४१ ग्रॅमच्या ओढीने कागदातली भोकं काही दिवसांत लांबट होतात आणि फाटतात. दुमडीच्या आत भोकांभोवती जपानी टिश्यू गव्हाच्या खळीने चिकटवून घ्या. फेव्हिकॉल नको, कागद तिथे कडक होतो.

मूळ चर्मपत्राला ५० लक्सपेक्षा जास्त उजेड देत नाहीत. प्रतिकृतीला १५० दिलात तरी बिघडत नाही, आणि बारीक लिपी वाचायला तेवढा लागतोच. ने-आण करताना गुंडाळू नका. सपाट खोक्यात फोममध्ये मोहोरेच्या मापाचा खड्डा करा, नाहीतर मोहोर मजकुरावर घासून शाई खरवडते.

शेवटचं, पण टाळू नये असं: पाठीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘प्रतिकृती’, वर्ष आणि मूळ दस्ताचा दप्तर-क्रमांक पिगमेंट शाईत छापा. ‘रेप्लिका’ची खूण म्हणून इंग्रजी ‘आर’ मात्र नको. पाठीवरच्या त्या अक्षराचा अर्थ मोडीवाचकांनी वर सांगितलाच आहे. मोहोरेच्या कडेवरही बारीक खूण कोरा, कारण मोहोर पत्रापासून सुटली की ती एकटीच फिरते आणि बाजारात ‘जुनी’ म्हणून विकली जाते.

दप्तरखाना

दोन छोटे प्रश्न. तयार प्रतिकृती विकत घेण्याचा मार्ग आहे का? आणि शेजारी एखादं ब्रेव्हे (पोपचं बुलापेक्षा साधं, छोटं पत्र) ठेवायचं झालं तर त्यालाही मोहोर लागेल का?

मोडीवाचक

तयार मिळतात त्या मोजक्या आणि महाग. व्हेनिसच्या स्क्रिनियुम या प्रकाशनाने व्हॅटिकनच्या अभिलेखागाराबरोबर २००७ मध्ये टेम्पलर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्धा-संघाच्या खटल्याचे दस्त काढले, ७९९ प्रती, प्रत्येकी ५९०० युरो. आठव्या हेन्रीच्या घटस्फोटासाठी इंग्लंडच्या सरदारांनी सातव्या क्लेमेंटला धाडलेल्या १३ जुलै १५३०च्या पत्राची प्रतिकृतीही त्यांनीच केली: ८१ मोहोरा, १९९ प्रती, किंमत ५० हजार युरोंच्या घरात. काम पाहण्यासारखं आहे. पण दुसरं पत्र पोपने लिहिलेलं नाही, पोपला आलेलं आहे. टेम्पलर संचातलं १३०८चं शिनोंचं चर्मपत्र म्हणजे तीन कार्डिनलांनी घेतलेल्या जबान्यांची नोंद. शिशाची मोहोर कशी असते ते दाखवायला यांतलं काही उपयोगाचं नाही. गोव्याच्या बुलाची तयार प्रतिकृती शोधत बसण्यापेक्षा करून घेणंच बरं.

ब्रेव्हेला शिसं लावू नका. ते पातळ, पांढऱ्या चर्मपत्रावर सुटसुटीत मानवतावादी वळणात लिहिलेलं असतं, खाली उजवीकडे सचिवाची सही, पाठीवर पत्ता, आणि बंद करायला कोळ्याच्या अंगठीचा (पोपच्या शिक्क्याच्या अंगठीचा) तांबड्या मेणातला ठसा. पत्र उघडताना तो ठसा बहुधा तुटलेला असतो. पाठीवर मेणाचा डाग किंवा कागदी पट्टीचा तुकडा उरलेला असेल तर तेवढाच छापा, नवं मेण ओतू नका. आणि १८७८ नंतरचा दस्त निवडणार असाल तर आधी चित्र बघा. तेराव्या लिओने त्या वर्षी २९ डिसेंबरला बुलांची अगम्य वळणाची लिपी बंद केली आणि शिशाची मोहोर मोजक्याच पत्रांपुरती ठेवली, बाकीच्यांवर तांबड्या शाईचा शिक्का आला. भारतातली धर्मप्रांतांची नवी रचना त्यानेच १ सप्टेंबर १८८६ला जाहीर केली. तीही मांडायची असेल तर लिपी आणि मोहोर चित्रावरून ठरवा. १५३४च्या बुलासाठी केलेला साचा तिथे चालणार नाही.